बोट ओळखणारी करवत कायद्यात अडकली. मग घरच्या वर्कशॉपसाठी बँड सॉ घ्यावा का?

रील्सवर हा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. टेबलातून वर आलेली गोल करवत जोरात फिरतेय. कोणीतरी लाकडाच्या फळीवर एक सॉसेज ठेवून ती फळी करवतीकडे ढकलतं. धाडकन आवाज येतो आणि करवत टेबलाखाली गायब! सॉसेजवर फक्त एक बारीक ओरखडा. सॉसेजच्या जागी बोट असतं तर? कापलं असतं, पण तुटलं नसतं.

हे तंत्रज्ञान आजकालचं नाही, १९९९ चं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टेबल सॉमध्ये अशी सोय सक्तीची करावी, हा प्रस्ताव तिथे दोन दशकं फिरत होता. २०२५ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, तो प्रस्ताव मागे घेतला.

'अमेरिकेतल्या करवतीशी आपलं काय देणंघेणं?' असं वाटेल. पण लॉकडाऊननंतर आपल्याकडेही घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. कोणी गच्चीवर, कोणी पार्किंगच्या कोपऱ्यात, कोणी गावच्या घराच्या पडवीत छोटं वर्कशॉप थाटतंय. त्यातल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच पडतो की पहिली मोठी मशीन कोणती घ्यायची, टेबल सॉ की बँड सॉ? या प्रश्नाचं अर्धं उत्तर अमेरिकेतल्या त्या वादात दडलंय. उरलेलं अर्धं आपल्या इथल्या लाकडात, विजेत आणि वनखात्याच्या नियमांत आहे. एकेक करून बघूया.

तुमच्या फोनची स्क्रीन आणि ही करवत: तत्त्व एकच

या करवतीचं नाव सॉस्टॉप. ती शोधली स्टीव्ह गॅस यांनी. गॅस भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, व्यवसायाने पेटंट वकील आणि हौसेने सुतारकाम करणारे. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

तुमच्या फोनची स्क्रीन बोट कसं ओळखते? काचेखाली अगदी बारीक विद्युत संकेत सतत खेळत असतो. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे ते वीज वाहून नेतं आणि साठवूनही ठेवतं. बोट टेकलं की त्या जागेची कपॅसिटन्स बदलते आणि फोनला स्पर्श कळतो. सॉस्टॉपमध्ये हेच काम करवतीचं पातं करतं. पात्यावर एक छोटा संकेत सोडलेला असतो. कोरडं लाकूड लागलं तर त्यात फारसा फरक पडत नाही. त्वचा लागली की संकेत एकदम ढासळतो. त्या क्षणी एक बारीक तार वितळवली जाते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा थेट फिरत्या दातांत घुसतो. पातं सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं.

५ मिलिसेकंद म्हणजे किती? १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे मारत असेल, तर ५ मिलिसेकंदांत त्याचा पूर्ण वेगानेसुद्धा जेमतेम एक तृतीयांश फेरा होतो. तुमचा हात सेकंदाला ३० सेंटीमीटर वेगाने पुढे सरकत असेल, तर तेवढ्या वेळात तो दीड मिलिमीटर पुढे जातो. ओरखडा आणि तुटलेलं बोट यातला फरक एवढासाच आहे.

फोनच्या टचस्क्रीनचे तोटेही सोबत आलेच. पावसात ओल्या स्क्रीनवर आपोआप टच होतात ना? तसंच खूप ओलं लाकूड किंवा लाकडात लपलेला खिळा लागला, तर ही करवत विनाकारण थांबू शकते. एकदा ब्रेक लागला की ब्रेकचं कार्ट्रिज फुकट जातं आणि बहुतेक वेळा पातंही. त्या कार्ट्रिजची किंमत तिकडे साधारण १०० डॉलर.

मग घोडं अडलं कुठे?

गॅस यांनी आधी मोठ्या कंपन्यांना हे तंत्रज्ञान परवान्यावर द्यायचा प्रयत्न केला. बोलणी झाली, पण मोठ्या कंपन्यांनी ते घेतलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच कंपनी काढून करवती विकायला सुरुवात केली. २००३ मध्ये त्यांनी सीपीएससीकडे अर्ज केला की ही सोय सगळ्यांना सक्तीची करा.

आयोगाच्या आकडेवारीनुसार एकट्या २०१५ मध्ये अमेरिकेत टेबल सॉचं पातं लागून इमर्जन्सी विभागात पोहोचलेल्यांची संख्या अंदाजे ३०,८०० होती. त्यातल्या हजारो जणांनी बोटं किंवा बोटांचा भाग गमावला. इतका स्पष्ट प्रश्न, इतकं स्पष्ट उत्तर, मग नियम का होत नव्हता?

कारण पेटंट. गॅस यांनी या कल्पनेभोवती पेटंटांचं मोठं कुंपण उभं केलं होतं. टूल कंपन्यांचं म्हणणं असं की सरकारने हे सक्तीचं केलं, तर ती एका कंपनीची मक्तेदारी होईल. हा आक्षेप हवेतला नव्हता. बॉशने 'रीॲक्स' नावाची टेबल सॉ आणली होती. तिच्यात पात्याला ब्रेक लागत नव्हता, एअरबॅगसारख्या गॅसच्या कार्ट्रिजने पातं झटक्यात खाली खेचलं जायचं, त्यामुळे पातं वाचायचं. सॉस्टॉपने पेटंटच्या मुद्द्यावर तक्रार केली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने रीॲक्सच्या आयातीवर बंदी घातली. त्याच वर्षी सॉस्टॉपही फेस्टूलची मालक असलेल्या जर्मन समूहाने विकत घेतली.

दुसरी बाजूही ऐका. बोटं गमावलेल्या एका कामगाराने, कार्लोस ओसोरिओ यांनी, सुरक्षित तंत्रज्ञान उपलब्ध असूनही ते वापरलं नाही म्हणून करवत बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. २०१० मध्ये ज्युरीने त्यांना १५ लाख डॉलर भरपाई दिली आणि २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' ही पळवाट कंपन्यांना उरली नव्हती.

२०२३ मध्ये आयोगाने प्रस्ताव पुन्हा पुढे आणला. २०२४ च्या सुनावणीत सॉस्टॉपने जाहीर केलं की नियम लागू झाला, तर २०३३ पर्यंत चालणारं त्यांचं महत्त्वाचं पेटंट ते सगळ्यांसाठी खुलं करतील. शब्द नीट वाचा: नियम लागू झाला 'तर'. २०२५ मध्ये प्रस्तावच मागे गेला आणि अट पूर्ण व्हायचा प्रश्नच संपला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटते. एक उत्तम फीचर, एका व्हेंडरच्या ताब्यात, स्टँडर्ड व्हायच्या उंबरठ्यावर, आणि मग स्टँडर्ड समितीत वर्षानुवर्षं लटकलेलं. फरक एवढाच की इथे लटकलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत बोटांत मोजावी लागते. माझ्या मते इथे कोणीच स्वच्छ नाही. कंपन्यांनी खर्चाचं कारण पुढे केलं, शोधकाने पेटंटचं कुंपण उंच ठेवलं आणि आयोगाने दोन दशकं घेतली. सर्वांत स्वस्त सॉस्टॉप बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ९०० डॉलरच्या आसपास होती. साधी टेबल सॉ त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. हौशी माणूस कोणती उचलणार, हे सांगायची गरज नाही.

सेन्सर नाही, पण भौतिकशास्त्र बाजूने

आता मुद्द्यावर येऊ. सेन्सरवाली करवत परवडत नाही, तर साध्या रचनेतच कमी धोक्याचं काही आहे का? आहे. त्याचं नाव बँड सॉ.

टेबल सॉमध्ये गोल पात्याचे पुढचे दात खाली जातात, पण मागचे दात वर येतात आणि तुमच्याच दिशेने फिरतात. लाकूड जरा तिरकं झालं किंवा कापलेली फट मिटून पात्याला घट्ट धरू लागली, की मागचे दात ते लाकूड उचलून तुमच्या अंगावर भिरकावतात. याला किकबॅक म्हणतात. त्यात लाकूड तर लागतंच, शिवाय हात पात्यावर ओढला जायचा धोका असतो.

बँड सॉ म्हणजे वर-खाली दोन चाकं आणि त्यांच्यावरून पट्ट्यासारखं फिरणारं लांब पातं. जिथे लाकूड कापलं जातं, तिथे पातं फक्त एकाच दिशेने जातं, ती म्हणजे खाली, टेबलाकडे. पातं लाकडाला टेबलावर दाबत असतं, त्यामुळे लाकूड मागे उडत नाही.

वेगातही फरक आहे. १० इंची टेबल सॉचे दात सेकंदाला सुमारे ५३ मीटर वेगाने धावतात. लाकडासाठीच्या बँड सॉचे साधारण १५ मीटर. आणि आपल्याकडचा लाडका जुगाड, म्हणजे ४ इंची मार्बल कटर उलटा करून प्लायखाली बसवलेला 'टेबल सॉ'? तो १३,००० आरपीएमने फिरत असेल, तर दातांचा वेग सेकंदाला ७५ मीटर! ना गार्ड, ना पात्यामागे फट उघडी ठेवणारी पट्टी, ना पटकन हाताला लागणारा स्विच. रील्सवर हा जुगाड भारी दिसतो. कृपया करू नका.

पण बँड सॉला निरुपद्रवी समजू नका. खाटकाच्या दुकानात हाडं कापायला हेच मशीन असतं, यावरून काय ते समजा. बँड सॉ किकबॅक देत नाही, पण बोट आडवं आलं तर शांतपणे कापून टाकतो. म्हणूनच मांस उद्योगासाठी न्यूझीलंडच्या स्कॉट टेक्नॉलॉजीचा 'ब्लेडस्टॉप' नावाचा बँड सॉ आहे. शरीराचा स्पर्श ओळखून तो पातं पकडून थांबवतो. तिथे दिवसभर पात्याजवळ हात असतो आणि बिल कारखाना भरतो, म्हणून हिशोब जमतो. घरगुती मशीनमध्ये हे काम तुम्हालाच करायचंय:

- पात्यावरचा गार्ड लाकडाच्या वर जेमतेम ६ मिलिमीटरवर आणून ठेवा.
- शेवटचे काही इंच हाताने ढकलू नका, पुश स्टिक वापरा.
- गोल दांडका आधाराशिवाय कधीच कापू नका. पातं त्याला गरगर फिरवतं आणि हात आत ओढला जातो.
- हातमोजे, लोंबणाऱ्या बाह्या, हातातला गंडादोरा यातलं काही नको.

आधी ठरवा: प्लाय की भरीव लाकूड?

मशीन बघण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. युट्यूबवरचे अमेरिकन सुतार मॅपल आणि वॉलनटच्या जाड फळ्या चिरतात. आपल्याकडे घरात लागणारं बहुतेक फर्निचर मात्र प्लाय आणि एमडीएफचं.

८ बाय ४ फुटांची प्लायची शीट कापायला बँड सॉ जवळपास निरुपयोगी आहे. १४ इंची मशीनमध्ये पातं आणि मागचा खांब यांच्यात जेमतेम साडेतेरा इंच जागा असते. शीट जाणार कुठून? तुमचं काम कपाटं, शेल्फ, किचन ट्रॉली असेल, तर बँड सॉ विसरा. चांगला हातातला सर्क्युलर सॉ आणि त्याला सरळ धरणारी गाइड रेल घ्या. स्वस्तही पडेल आणि कापही सरळ येईल.

भरीव लाकूड, वळणदार आकार, खेळणी, वाद्यं, खुर्च्या, जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या सागवानी तुळया, हे तुमचं जग असेल तर बँड सॉसारखं दुसरं मशीन नाही. गोलाई कापता येते, आणि जाड फळी उभी चिरून दोन पातळ फळ्या करता येतात. याला री-सॉ करणं म्हणतात. आज सागवानाचा घनफुटाचा भाव बघितला, की पातळ पात्याने वाचलेलं लाकूड म्हणजे काय ते कळतं. टेबल सॉचं पातं प्रत्येक कापाला साधारण ३ मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकतं, बँड सॉ त्याच्या निम्म्याहून कमी.

जुनं लाकूड असेल, तर कापण्याआधी चांगलं चुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा अख्खं पातं संपवतो.

स्पेसिफिकेशन शीट कशी वाचायची?

फोन घेताना तुम्ही मेगापिक्सेलला भुलत नाही ना? इथेही तेच.

*'१४ इंच' म्हणजे काय?* हा चाकाचा व्यास. कापायची उंची वेगळी असते, तिला री-सॉ क्षमता म्हणतात. बिडाच्या चौकटीचं जुन्या पद्धतीचं १४ इंची मशीन साधारण ६ इंच उंच लाकूड कापतं. पत्र्याच्या वेल्डेड चौकटीची नवी मशिन्स त्याच आकारात १० ते १३ इंचांपर्यंत जातात. ८-९ इंची छोटी टेबलावरची मशिन्स ३-४ इंचांवर थांबतात. खेळणी आणि छोट्या कामाला ती पुरेत, चिराईला नाहीत.

*चाक मोठं का हवं?* पातं प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतं आणि सरळ होतं. चाक जितकं छोटं, तितकं पातं जास्त वाकतं आणि लवकर थकून तुटतं. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना, तसंच. म्हणून छोट्या मशीनला पातळच पाती लावायची.

*मोटर किती?* १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. १४ इंची मशीनला गोलाई आणि साध्या कामासाठी १ एचपी ठीक, ६ इंचांपेक्षा उंच कडक लाकूड चिरायचं तर दीड ते दोन. पण जाहिरातीत 'पीक एचपी' लिहिलं असेल तर सावध व्हा. हा फोनच्या जाहिरातीतल्या 'अप टू'चा भाऊ. मोटरच्या नेमप्लेटवरचे अँपिअर बघा, पूर्ण लोडला सतत किती चालते तो आकडा खरा. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, त्यामुळे घरातला ६ अँपिअरचा सॉकेट चालणार नाही. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एक्स्टेंशन बोर्डाची गुंडाळी करून त्यावर मशीन चालवू नका.

*चौकट किती कडक?* हा आकडा कोणीच छापत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. पातं सरळ कापायचं तर ते वीणेच्या तारेसारखं ताणलेलं हवं. हिशोब करूया. अर्धा इंच रुंद आणि ०.०२५ इंच जाड साध्या पात्याला प्रति चौरस इंच १५,००० पौंड ताण द्यायचा, तर वरच्या चाकावर साधारण १७० किलोचा भार येतो. पाऊण इंची, जाड, कार्बाइड दातांचं पातं योग्य ताणावर लावलं, तर हाच भार ५०० किलोच्या वर जातो. एवढ्या ओझ्याखाली जी चौकट वाकते, तिच्यात कितीही भारी पातं लावा, काप तिरकाच येणार. दुकानात गेलात की पातं पूर्ण ताणायला सांगा आणि चौकट, वरचं चाक, गाइड यांच्याकडे लक्ष ठेवा. काही हललं, वाकलं, करकरलं तर पुढच्या दुकानात.

*गाइड कसले?* पात्याला दोन्ही बाजूंनी आणि मागून आधार देणारे हे तुकडे. बेअरिंग, सिरॅमिक किंवा साधे ठोकळे, तिन्ही चालतात. ते बारकाईने सरकवता आले पाहिजेत आणि तिथेच टिकले पाहिजेत, एवढंच बघा. यासाठी जास्त पैसे मोजू नका.

खरा परफॉर्मन्स पात्यात

फोनचा हार्डवेअर कितीही भारी असला, तरी सॉफ्टवेअर टुकार असेल तर काय उपयोग? बँड सॉचं सॉफ्टवेअर म्हणजे पातं. मशीनसोबत येणारं पातं बहुधा कामचलाऊ असतं. वेगळ्या पात्यांचं बजेट पहिल्या दिवसापासून धरा.

दोन आकडे पुरेत. पहिला टीपीआय, म्हणजे इंचाला दात किती. जाड लाकूड चिरायला ३, सर्वसाधारण कामाला ४ ते ६, पातळ प्लायसाठी १० ते १४. सूत्र सोपं आहे: लाकडात एका वेळी किमान ३ दात असलेच पाहिजेत, पण ते इतकेही जास्त नकोत की भुशाला बाहेर पडायला जागाच उरणार नाही. जाड लाकडात बारीक दातांचं पातं घातलं, की दातांमधल्या खाचा भुशाने भरतात, पातं तापतं आणि भरकटतं. लोक मोटरला दोष देतात, चूक पात्याची असते.

दुसरा आकडा रुंदी. पाव इंची पातं साधारण ५/८ इंच त्रिज्येची गोलाई घेतं, अर्धा इंची पातं अडीच इंच त्रिज्येच्या खाली वळतच नाही. जबरदस्ती केलीत तर पातं पिळवटून तुटतं. सुरुवातीला पाव इंची ६ टीपीआय आणि अर्धा इंची ३ टीपीआय अशी दोन पाती घ्या, बहुतेक कामं होतील.

आणि खरेदीआधी हे विचारा: या लांबीचं पातं इथे मिळतं का? मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळीसारख्या बाजारात चौकशी करा, रोलमधून हव्या त्या लांबीचं पातं कापून वेल्ड करून देणारा कारागीर शोधा. ज्याचं पातं फक्त एकाच ऑनलाइन विक्रेत्याकडे मिळतं, ते मशीन म्हणजे चार्जर न मिळणारा फोन.

अमेरिकेतल्या मामाकडून मागवायचंय?

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिकडे आहेत आणि 'येताना जुनं मशीन कंटेनरमध्ये टाकून आण' हा मोह होतो. थांबा. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलेल, हर्ट्झ बदलणार नाही. इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. तिकडे १,७२५ आरपीएमने फिरणारी मोटर इथे १,४४० च्या आसपास फिरेल. पात्याचा वेग सहाव्या भागाने कमी, आणि तेवढंच व्होल्टेज दिलं तर मोटर जास्त तापेल ते वेगळं. मोटर बदलावी लागली, तर सगळा फायदा तिथेच संपतो.

'सॉ मिल' आणि तुमची पडवी

ही बाजू युट्यूबवर कोणी सांगत नाही, कारण ती अमेरिकेत नाहीच. भारतात लाकूड चिरण्याच्या यंत्रांवर वनखात्याचं नियंत्रण आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला दिलेल्या आदेशानंतर देशभरातल्या विनापरवाना सॉ मिलवर टाच आली. पुढे २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. परवान्यातून कोणाला सूट द्यायची, हे ठरवताना त्यात बँड सॉ, री-सॉ आणि ठराविकपेक्षा मोठ्या सर्क्युलर सॉचा वेगळा उल्लेख आहे.

नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ओंडके चिरणाऱ्या वखारी होत्या, तुमचं १४ इंची मशीन नव्हतं. जंगलतोड रोखायची तर चिराईवर नजर हवीच, यात वाद नाही. पण 'बँड सॉ' हा शब्द दोघांनाही एकाच टोपलीत टाकतो. हौशी आणि छोट्या कारागिरांसाठी चाकाच्या आकारावर किंवा मोटरच्या ताकदीवर स्पष्ट सूट लिहिली गेली पाहिजे, असं मला वाटतं. तोपर्यंत तीन गोष्टी पाळा. मशीन घेण्याआधी जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारून उत्तर घ्या. लाकूड वखारीतून चिरलेलंच घ्या आणि बिल जपून ठेवा. शेतातला किंवा शेजाऱ्याचा ओंडका 'जरा चिरून दे' म्हणून कोणी आणला, तर हात जोडा. ओंडका आणि पैसे, दोन्ही आले की तुमचा छंद उद्योग होतो.

धूळ विसरू नका

बँड सॉचा भुसा बारीक असतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत, टाकलंय. कापडी रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ मास्क घाला, मशीनच्या खालच्या तोंडाला चांगला व्हॅक्यूम जोडा, आणि वर्कशॉप झोपायच्या खोलीला लागून असेल तर बेत बदला. सोसायटीत राहत असाल, तर आवाजाची वेळ शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

मग घ्यायचा का?

- काम प्लायचं: बँड सॉ नको. सर्क्युलर सॉ आणि गाइड रेल.
- काम छोटं, गोलाईचं, जागा अपुरी: ९-१० इंची टेबलावरचा बँड सॉ. चिराईची अपेक्षा ठेवू नका.
- भरीव लाकूड, फळ्या चिरणं, जागा पक्की: १४ इंची, वेल्डेड चौकट, दीड एचपीच्या वर. बजेट कमी पडत असेल तर गाइड आणि दिवा-बिवा यांत काटकसर करा, चौकटीत नको.
- सेकंडहँड: चौकटीला तडा नाही, चाकं डगमगत नाहीत, आणि दार उघडं असताना मशीन सुरू होत नाही, हे बघा. शेवटची सोय नसेल तर दारावर स्विच बसवून घेता येतो. रबरी टायर आणि बेअरिंग बदलता येतात, तो खर्च किमतीतून वजा करून भाव करा.

बोट ओळखणारी करवत कधी ना कधी स्वस्त होईलच. २०३३ नंतर पेटंटचं मोठं कुंपण उरणार नाही आणि मग नियमाची वाटही बघावी लागणार नाही. चीन-तैवानच्या कारखान्यांना हा सेन्सर अवघड नाही, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो रोज चालतोच. तोवर मात्र करवतीला तुमचं बोट आणि लाकूड यातला फरक कळत नाही. म्हणून जिचा जोर तुमच्या अंगावर न येता खाली टेबलावर जातो, अशी करवत निवडा, आणि ती सुरू करण्याआधी गार्ड खाली आणा.